पिवळ्या फुलांची वेल आणि झुडपे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फाटकावरील कमानीसाठी अलमंडाची वेल लावली आहे. ती हिरवीगार वाढली, परंतु फुले तुरळक येतात आणि फांद्या कमानीवर चढत नाहीत. दर महिन्याला युरिया घालतो. काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : युरिया प्रथम बंद करावा. त्यातील नत्राने पाने आणि फांद्या जोमाने वाढतात, पण कळ्या धरत नाहीत. त्याऐवजी कुजलेले शेणखत आणि थोडी लाकडाची राख द्यावी. दुसरी गोष्ट उन्हाची. अलमंडाला दिवसाकाठी निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे; कमानीवर शेजारच्या झाडाची सावली पडत असेल, तर आधी ती दूर करावी.

अलमंडाची फुले नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात, म्हणून छाटणीला फार महत्त्व आहे. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीस, जुन्या लांब फांद्या निम्म्यापर्यंत कापाव्यात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फुटणाऱ्या नव्या फांद्या फुलांनी लगडतील. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी केल्यास बहर लांबणीवर पडतो, हे लक्षात असू द्यावे. कापलेल्या जागेतून पांढरा चीक येतो. त्याने त्वचेला खाज सुटते आणि तो डोळ्यांना घातक असतो, त्यामुळे हातमोजे घालावेत. वेल चढत नाही यात आपला दोष नाही. तिला ताणे नसतात आणि ती आधाराभोवती स्वतःहून गुंडाळतही नाही. तिच्या फांद्या सुतळीने सैल बांधून कमानीवर वळवाव्या लागतात.

प्रश्न : घरामागील मोकळी जागा उन्हाची आहे आणि पाणी कमी आहे. तेथे पिवळ्या फुलांची बिट्टी लावावी का? घरात लहान मुले आहेत. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : लहान मुलांच्या घरी बिट्टी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि हिरव्या फळातील बी तर सर्वाधिक. त्यातील द्रव्ये थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. ही फळे मुलांना खेळायला आवडतात, त्यामुळे धोका अधिक वाढतो.

आपल्या जागेसाठी तरवड सर्वांत योग्य. ते दख्खनच्या पठारावरील कोरड्या माळरानांचेच झुडूप आहे आणि एकदा रुजले की पाण्यावाचून तग धरते. पूर्वी त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरत. शेजारच्या तेलंगणाने तर त्याच्या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे, आणि बतुकम्माच्या सणात ती फुले रचली जातात. तरवडाचे बी टणक असते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पावसाच्या सुरुवातीला कायमच्या जागीच पेरावे, कारण मूळ खोल जात असल्याने मोठे रोप हलवलेले त्याला सोसत नाही.

कुंपणालगत कोरांटीची रांग लावता येईल. थंडीत तिला पिवळी फुले येतात आणि फांदी खोचली तरी ती जगते. मात्र पानांच्या बेचक्यांत सुईसारखे काटे असतात, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या वाटेपासून ती दूर असावी.

तरवडाच्या पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या, तर औषध फवारू नये. त्या फिकट, पांढरट-पिवळ्या फुलपाखरांच्या असतात, आणि त्यांनी पाने खाल्ली तरी झुडपाला नवी पालवी फुटते.