पिवळ्या लिफाफ्यावरची तारीख

प्रश्न: मी मूळची ठाण्याची. सहा वर्षं बर्लिनमध्ये आहे, आयटीत नोकरी करते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, पणजोबा अलिबागजवळच्या नवगावचे. उन्हाळ्यात गाझातल्या युद्धाविरुद्ध इथल्या ज्यू मंडळींबरोबर मोर्चाला गेले होते. माझ्या फलकावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘नदीपासून समुद्रापर्यंत आम्हाला समता हवी’ (म्हणजे जॉर्डन नदी ते भूमध्य समुद्र). पोलिसांनी फलक जप्त केला, नाव-पत्ता घेतला. पुढे पोलिसांचं एक पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. २८ ऑक्टोबरला मावसबहिणीच्या लग्नाला ठाण्याला गेले, २२ नोव्हेंबरला परतले, तर पेटीत कोर्टाचं पत्र. ४० दिवसांचा दंड, दिवसाला ४० युरो. वकील मॅडम, मी स्वतः ज्यू असून ज्यूविरोधी कशी ठरले? हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसत नाही का? का १६०० युरो भरून मोकळी होऊ? माझा नागरिकत्वाचा अर्जही चालू आहे.

उत्तर: तुमचा मूळ मेल चांगला लांबलचक होता, इथे मी तो छाटून दिलाय. त्यात जर्मनीच्या इतिहासावर तीन परिच्छेद होते, संविधानाच्या पाचव्या, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या, कलमावर दोन, पणजोबांवर एक. मला हवं होतं ते मात्र कुठेच नव्हतं. लिफाफ्यावर तारीख कोणती आहे?

म्हणून बुधवारी रात्री तुम्हाला एका ओळीचा मेल टाकला, ‘लिफाफ्याचा फोटो पाठवा.’ त्यावर तुमचं उत्तर आलं की लिफाफा तर टाकून दिला! नशीब, निळ्या डब्यातली रद्दी अजून उचलली गेली नव्हती. फोटोत तो पिवळा लिफाफा दिसतो, वर कॉफीचा डाग, आणि पोस्टमनने बॉलपेनने खरडलेलं ‘३.११.’ व त्याची सही. तुमचं सगळं प्रकरण त्या तीन आकड्यांवर उभं आहे.

कोर्टाने पाठवलंय त्याला इथे श्ट्राफबेफेल म्हणतात. सरकारी वकील मागतो, न्यायाधीश कागद बघून सही करतो, सुनावणी होत नाही. त्याविरुद्ध आइनश्प्रुख, म्हणजे हरकत, घ्यायला दोन आठवडे मिळतात. हे दोन आठवडे तुम्ही पत्र वाचल्यापासून सुरू होत नाहीत. पोस्टमनने ते तुमच्या पेटीत टाकून लिफाफ्यावर तारीख घातली की सुरू होतात. म्हणजे मुदत १७ नोव्हेंबरला संपली. तेव्हा तुम्ही ठाण्यात लग्नघरी होतात. मुदत संपल्यावर या कागदाला पक्क्या निकालाचं बळ येतं. मग तुमचा फलक, तुमची समता, तुमचे पणजोबा, यांतलं काहीही ऐकायला कोणी न्यायाधीश उरत नाही.

एक वाट उरते. आपली चूक नसताना मुदत हुकली असेल, तर अडथळा दूर झाल्यापासून एका आठवड्याच्या आत मुदत पुन्हा मिळावी असा अर्ज करता येतो. पण त्याच आठवड्यात मूळ हरकतही दाखल करावी लागते. नुसता अर्ज देऊन ‘हरकत नंतर देते’ म्हटलं, तर दोन्ही गेलं. तुम्ही २२ तारखेला परतलात. ते पत्र तुम्ही सोमवारी फोडलं असेल, पण मी शनिवारपासूनच मोजते, कारण सरकारी वकीलही तसंच मोजणार. आठवडा शनिवारी संपतो, म्हणून सोमवार १ डिसेंबरपर्यंत ओढता येतो. ते मी तुम्हाला मुद्दामच उशिरा सांगितलं. आधी कळलं असतं, तर तुम्ही सोमवारी सकाळी निघाला असतात.

सुट्टीवर गेलेल्या माणसाने पत्रांसाठी खास सोय केली नाही, एवढ्यावरून त्याला दोष देऊ नये, असं इथल्या घटनात्मक कोर्टाने सांगितलेलं आहे. साधारण सहा आठवड्यांपर्यंतची गैरहजेरी यात खपते, तुमची चारच आठवड्यांची होती. पोलिसांचं आधीचं पत्र आडवं येईल का? बहुतेक नाही, पण खात्री देत नाही. बरं, त्या पत्राला उत्तर न देणं गैर नव्हतं, आरोपीला गप्प राहायचा हक्क आहे. मात्र ते पत्र घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे गेला असतात, तर हा पिवळा लिफाफा माझ्या ऑफिसात आला असता आणि तुम्ही निवांत लग्न जेवला असतात.

पुराव्याचं म्हणाल, तर तुमचं स्वतःचं शपथपत्र इथे चालत नाही. आरोपीच्या शब्दाला या कामापुरती किंमत नाही. विमानाचे बोर्डिंग पास, पासपोर्टावरचे शिक्के, आणि ‘ती घरी नव्हती, पेटीची किल्ली तिच्याकडेच होती’ असं घरमैत्रिणीने लिहून दिलेलं शपथपत्र, एवढं आपण जोडलं. आणि तुम्ही फोनवर विचारलंत ते इथेच निकालात काढते. जर्मन न कळणाऱ्या आरोपीला भाषांतर दिलं नाही तर मुदत सुरूच होत नाही, हे खरं आहे. पण तुम्ही नागरिकत्वासाठी बी-वन पातळीचं जर्मनचं प्रमाणपत्र स्वतःच्या हाताने सरकारला दिलेलं आहे. ‘जर्मन येत नाही’ हे आता कोणत्या तोंडाने सांगणार?

आता ‘भरून मोकळी होऊ का’ याबद्दल. असं विचारणारे मेल मला दर महिन्याला येतात. १६०० युरो म्हणजे बर्लिनमधलं एका महिन्याचं भाडं, भरा आणि विसरा, असा हिशेब लोक करतात. एरवी तो फारसा चुकत नाही. पहिलीच शिक्षा असेल तर ९० दिवसांपर्यंतचा दंड चारित्र्याच्या दाखल्यात उमटत नाही, नागरिकत्वाच्या कायद्यातही तो सोडून देतात. पण ऑगस्ट २०२१ मध्ये तो कायदा बदलला. गुन्ह्यामागे ज्यूविरोधी किंवा वंशद्वेषी हेतू होता असं निकालात नोंदलेलं असेल, तर ती सूट मिळत नाही, मग दंड पाच दिवसांचा का असेना. तुमच्या श्ट्राफबेफेलचं दुसरं पान काढा. शेवटून तिसऱ्या वाक्यात ‘ज्यूविरोधी हेतूने’ असे शब्द आहेत. तुम्ही ते वाचलेच नव्हते, कारण दंडाचा आकडा पहिल्या पानावर होता. सुनावणीशिवाय निघालेल्या कागदातला असा शेरा ‘निकालातली नोंद’ ठरतो की नाही, यावर वाद घालता येईल. पण तो वाद तुमच्या पासपोर्टावर कशाला?

हरकतीतही धोका आहे. सुनावणीत न्यायाधीश दंड वाढवू शकतो. हरकत घेतली म्हणून शिक्षा वाढणार नाही, असं संरक्षण इथे नाही. वारं उलटं वाहतंय असं वाटलं तर हरकत मागे घेता येते. सुनावणी सुरू होईपर्यंत आपल्या मर्जीने, नंतर सरकारी वकिलाच्या संमतीने. आणि तारखेला गैरहजर राहिलात तर सगळं फुकट, कोर्ट हरकत तिथल्या तिथे फेटाळतं.

तुमचा खरा प्रश्न मी टाळतेय असं वाटत असेल. टाळत नाही, त्याची पाळी आत्ता आली. ‘मी ज्यू आहे’ हा बचाव म्हणून पुरत नाही. तुमच्यावर कलम आहे ८६ अ, म्हणजे बंदी असलेल्या संघटनेचं चिन्ह वापरणं. गृहमंत्रालयाने २ नोव्हेंबर २०२३ ला हमासवर बंदी घातली, तेव्हा हे नदी-समुद्राचं वाक्य, कुठल्याही भाषेतलं, हमासच्या चिन्हांच्या यादीत टाकलं. हे कलम धर्म विचारत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्येच बर्लिनच्या हरमानप्लाट्झवर एका ज्यू इस्रायली बाईंना पोलिसांनी हटवलं होतं. त्या एकट्या उभ्या होत्या, आणि ‘मी ज्यू आणि इस्रायली आहे’ असं त्यांच्या फलकावरच लिहिलेलं होतं.

पण संदर्भ म्हणून तुमचं घराणं आणि फलकावरचे ‘आम्हाला समता हवी’ हे पुढचे शब्द उपयोगी आहेत, चांगलेच उपयोगी. श्टुटगार्टच्या कोर्टाने काट मारलेलं नाझी स्वस्तिक विकणाऱ्या एका दुकानदाराला दंड केला होता. मार्च २००७ मध्ये सर्वोच्च फौजदारी कोर्टाने तो रद्द केला, कारण विरोध उघड दिसत असेल तर चिन्ह वापरलं तरी गुन्हा होत नाही. शिवाय एका वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर निरुपद्रवी अर्थ सबळ कारण देऊन बाजूला सारल्याशिवाय शिक्षा करू नये, हे घटनात्मक कोर्टाने १९९५ मध्ये ‘सैनिक खुनी असतात’ या वाक्यावरच्या खटल्यांत सांगितलं. ‘समता हवी’ हे हमासचं मागणं आहे असं सरकारी वकिलाला सिद्ध करून दाखवू दे. नुसत्या घोषणेबद्दल मात्र कोर्टांत एकवाक्यता नाही. मानहाइमच्या कोर्टाने मे २०२४ मध्ये म्हटलं की ती आपोआप गुन्हा होत नाही. बर्लिनच्या लांडगेरिश्टने, म्हणजे जिल्हा कोर्टाने, त्याच वर्षी नोव्हेंबरात तिला हमासचं चिन्ह मानून दंड ठोठावला. तुमचं प्रकरण बर्लिनमध्ये आहे, म्हणून मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. बर्लिनच्या न्यायाधीशाला ‘शनवार तेली’ म्हणजे कोण, शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले हे लोक कोण, हे समजावून सांगायला मला आनंदच होईल. त्यासाठी आधी सुनावणी मिळाली पाहिजे.

या निमित्ताने इतरांसाठी. गेल्या दोन वर्षांत मला आलेले निम्मे मेल दुसऱ्याच जातीचे आहेत. हॉल नाकारला, व्याख्यान रद्द केलं, शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत जुन्या सहीबद्दल विचारलं. मुंबईचे कवी रणजित होस्कोटे नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉक्युमेंटा या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या निवड समितीतून बाहेर पडले. मुंबईतल्या इस्रायली वकिलातीच्या एका कार्यक्रमाविरुद्ध २०१९ मध्ये त्यांनी एका पत्रकावर सही केली होती, ती उकरून काढली गेली. मॅशा गेसन हे स्वतः ज्यू लेखक, त्यांच्या हाना आरेंट पुरस्काराचा समारंभ २०२३ च्याच डिसेंबरात ब्रेमेनच्या नगरभवनातून हलवावा लागला. यांत कुठे फौजदारी गुन्हा नव्हता, पिवळा लिफाफाही नव्हता. ती पैशाची आणि पदाची ताकद आहे, तिच्याशी वेगळ्या वाटेने भांडावं लागतं. सार्वजनिक हॉलबाबत ते भांडण जिंकताही येतं. इस्रायलवरच्या बहिष्काराच्या चळवळीवर चर्चा आहे म्हणून म्युनिक शहराने सभागृह नाकारलं, ते बेकायदा होतं असं संघराज्याच्या प्रशासकीय कोर्टाने सांगितलं. शहराचा ठराव डिसेंबर २०१७ चा, निकाल जानेवारी २०२२ चा. चर्चा ज्यांना करायची होती ते एव्हाना कंटाळून घरी गेले असतील. कोर्टाला चार वर्षं चालतात, तुम्हाला चौदा दिवस.

परत तुमच्याकडे. शुक्रवारी तुम्ही मोआबिटला, टुर्मश्ट्रासेवरच्या कोर्टात, स्वतः जाऊन दोन्ही अर्ज दिलेत आणि प्रतीवर आवकचा शिक्का घेतलात, हे या सगळ्यातलं सर्वांत शहाणपणाचं काम. (साधा ईमेल चालत नाही. पत्र पोस्टात टाकलेली तारीखही मोजत नाहीत, ते कोर्टात पोचावं लागतं.) अर्ज दिल्याने वसुली आपोआप थांबत नाही, म्हणून स्थगितीही वेगळी मागितली आहे. कोर्टाच्या खजिन्याचं पत्र आलं तर त्याच दिवशी मला फोटो पाठवा, लिफाफ्यासकट.

नागरिकत्वाचा अर्ज आता थांबेल. प्रकरण संपेपर्यंत ते खातं निर्णय देणार नाही. तिथल्या फॉर्ममध्ये चालू चौकशांबद्दल विचारलेलं असतं. तुम्ही अर्ज भरलात तेव्हा पोलिसांचं पत्र आलं होतं की नव्हतं, हे मला तारखेनिशी हवंय. आलं होतं आणि तुम्ही ‘नाही’ लिहिलं असेल, तर ती दुरुस्ती या आठवड्यातच करायची, कारण नागरिकत्वासाठी खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पोलिसांचा तो लिफाफा तरी जपून ठेवला आहे ना?