रोझेट तेजोमेघात एच-अल्फा मिसळला की चित्र गुलाबी का पडतं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: शहरातून, रंगीत कॅमेऱ्याने, ७ नॅनोमीटरचा ड्युअल-बँड फिल्टर (एच-अल्फा, म्हणजे हायड्रोजनचा लाल प्रकाश, आणि ओ-थ्री, म्हणजे आयनित ऑक्सिजनचा निळा-हिरवा प्रकाश, एवढंच आत सोडणारा) लावून रोझेटचे पाच तास फोटो घेतले (१८० सेकंदांच्या फ्रेम्स) आणि फिल्टर काढून एक तास (६० सेकंदांच्या फ्रेम्स, गेन तोच). एच-अल्फा ल्युमिनोसिटीचा (फक्त उजेडाचा) थर म्हणून वर ठेवला की तेजोमेघ फिका गुलाबी-नारिंगी होतो. लाल चॅनेलमध्ये नुसता मिळवला की ताऱ्यांना लाल ठिपके नाहीतर कडी येते, आणि मधला निळसर ओ-थ्री दिसेनासा होतो. या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत.

गुलाबीपणाचं कारण सरळ आहे. ल्युमिनोसिटी बदलली की लाल, हिरवा, निळा तिन्ही एकदम उजळतात. तुमच्या एका तासाच्या रंगीत चित्रात तेजोमेघाचा लाल आधीच कमकुवत. त्याच्यावर एच-अल्फाची भरपूर उजळणी चढवली की रंग तेवढाच राहतो, प्रकाश वाढतो आणि लालाचा गुलाबी होतो. सॅच्युरेशन ओढून हे सुटत नाही, नुसता नॉइज रंगीत होतो. रोझेटसारख्या ठिकाणी एच-अल्फा ल्युमिनोसिटी म्हणून मी कधीच वापरत नाही.

ताऱ्यांचं कारण दुसरं. तेजोमेघाचा लाल प्रकाश जवळजवळ सगळा ६५६.३ नॅनोमीटरच्या एका रेषेत असतो, ताऱ्याचा मात्र संपूर्ण वर्णपटावर पसरलेला असतो. तुमच्या एच-अल्फा चित्रात दोन्ही आहेत: रेषेचा प्रकाश आणि ७ नॅनोमीटरच्या फटीतून आलेला ताऱ्यांचा प्रकाश. ते चित्र तसंच लालमध्ये मिळवलं की प्रत्येक ताऱ्याला जादा लाल मिळतो. त्यातून दोन्ही चित्रांतल्या ताऱ्यांचा आकार सारखा नसतो. नॅरोबँडमध्ये, म्हणजे फिल्टर लावलेल्या चित्रात, ते सहसा बारीक येतात. म्हणून केंद्र लाल आणि कडा वेगळ्या रंगाची. तेव्हा नॅरोबँडमधून फक्त रेषेचा प्रकाश घ्यायचा; तारे आणि आकाशाची पार्श्वभूमी रंगीत डेटाचीच ठेवायची. पुढचं सगळं त्यासाठी आहे.

तयारीत तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाकडे रोखून घेतलेल्या दुरुस्तीच्या फ्रेम्स. फिल्टर लावलेल्या आणि काढलेल्या फ्रेम्सचे फ्लॅट वेगळे हवेत, कारण धूळ आणि कडेचा अंधार दोन्ही बदलतात. दुसरं, ड्युअल-बँड फ्रेम्स डीबायर करून (कच्च्या पिक्सेलांतून रंगीत चित्र बनवून) मग चॅनेल सुटे करण्यापेक्षा सिरिल या सॉफ्टवेअरमधली एच-अल्फा/ओ-थ्री वेगळं काढण्याची स्क्रिप्ट वापरा. सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरांच्या बायर जाळीत चारातला एकच पिक्सेल लाल असल्यामुळे एच-अल्फा अर्ध्या मापाचा निघतो. रीसॅम्पलचा पर्याय निवडून दोन्ही एका मापात आणा, मग रंगीत स्टॅकसह (फिल्टरविना फ्रेम्स एकत्र करून झालेलं चित्र) तिन्ही चित्रं एकाच संदर्भ फ्रेमवर रजिस्टर करा, म्हणजे तारे जुळवून बसवा, आणि सामाईक भागावर क्रॉप करा. तिसरं, ग्रेडियंट, म्हणजे शहराच्या उजेडाने पार्श्वभूमीत आलेला चढ-उतार. रोझेट आकाशात सव्वा अंशाच्या आसपास पसरलेला आहे, म्हणजे तुमची बहुतेक फ्रेम भरून टाकतो. ग्रेडियंट काढणाऱ्या ग्रॅक्सपर्ट सॉफ्टवेअरला आपोआप नमुने घेऊ दिले तर तो तेजोमेघाची बाहेरची पुसट प्रभावळच ग्रेडियंट समजून कापतो. नमुन्याचे बिंदू हाताने, फक्त कोपऱ्यांतल्या खऱ्या अंधारात ठेवा, स्मूदिंग १ च्या जवळ, आणि पद्धत वजाबाकीची. तिन्ही चित्रांचा ग्रेडियंट स्वतंत्रपणे काढा. फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन (ताऱ्यांच्या माहीत असलेल्या रंगांवरून चित्राचे रंग जुळवणं) मात्र फक्त रंगीत स्टॅकवर, आणि तेही काही मिसळण्याच्या आधी. नंतर केलं तर मुद्दाम घातलेला लाल सॉफ्टवेअर इमानेइतबारे काढून टाकतं.

आता मुख्य वजाबाकी. इथपर्यंत काहीही स्ट्रेच केलेलं, म्हणजे पुसट भाग दिसावेत म्हणून उजळलेलं, नसावं. एच-अल्फा चित्रात ताऱ्यांचा वाटा किती, हे एका गुणकाने ठरतं. मध्यम तेजाचे, न जळालेले वीसेक तारे घ्या. प्रत्येकाचं पार्श्वभूमीवरचं एकूण तेज (नुसता शिखराचा आकडा नव्हे, कारण आकार वेगळे आहेत) एच-अल्फात किती आणि रंगीतच्या लाल चॅनेलमध्ये किती ते मोजा, भागाकार करा, मधली किंमत घ्या. तुमच्या बाबतीत अंदाज आधीच बांधता येतो: फिल्टर ७ नॅनोमीटर, सेन्सरचा लाल पट्टा साधारण १००, एक्सपोजर तिप्पट, म्हणजे ०.०७ × ३ = ०.२१ च्या आसपास. कॅलिब्रेशनने लाल चॅनेलला गुणलं असेल तर आकडा सरकेल, म्हणून शेवटी मोजलेलाच धरा. मग पिक्सेल मॅथमध्ये (चित्रांवर सूत्र चालवण्याची सोय):

शुद्ध अल्फा = अल्फा − ०.२१ × (लाल − लालची पार्श्वभूमी)

गुणक कमी पडला तर तारे पांढरे ठिपके म्हणून उरतात. जास्त झाला तर ताऱ्यांच्या जागी काळी भोकं पडतात. गुणक बरोबर असूनही आकारातल्या फरकामुळे काळी कडी राहतेच. त्यासाठी गुणक ताऱ्यांवरून काढून झाला की स्टारनेट या सॉफ्टवेअरने दोन्ही चित्रांतले तारे काढा आणि वजाबाकी ताऱ्यांविनाच्या चित्रांवर करा. कडी यायला जागाच उरत नाही. रंगीत चित्रातून निघालेले तारे जपून ठेवा, एच-अल्फामधले टाकून द्या.

लाल चॅनेलमध्येही एच-अल्फा असतो, मग वजाबाकीत तोही जाईल, ही शंका रास्त आहे. जातो, पण किती ते बघा: ६० सेकंदांच्या लालमध्ये रेषेचा जेवढा प्रकाश आहे त्याच्या ०.२१ पट, म्हणजे १८० सेकंदांतल्या प्रकाशाच्या ७ टक्के. त्याची काळजी करू नका.

मिसळणं: नवा लाल = लाल + क × (शुद्ध अल्फा − त्याची पार्श्वभूमी). पार्श्वभूमी वजा करायला विसरलात तर सगळं आकाश तांबूस होतं. क = ०.३ ठेवला तर तुमच्या एक्सपोजरच्या हिशेबाने तेजोमेघाचा लाल साधारण दुप्पट होतो; क = १ ठेवला तर पावणेचार पटीच्या जवळ जातो. रोझेटला मी ०.५ ते ०.८ मध्ये थांबतो. त्यापुढे पाकळ्यांतले काळे धागे आणि बोक ग्लोब्यूल (धुळीचे छोटे काळे गोळे) यांच्या आजूबाजूचा लाल एकसुरी होतो. दोन्ही चित्रांतली मोठी किंमत घेण्याची पद्धत, म्हणजे लायटन, टाळा. जिथे एकाची किंमत दुसऱ्याला ओलांडते तिथे कडक सीमारेषा दिसते, आणि नॉइजमधलेही वरचेच आकडे निवडले जातात.

शहरातून घेतलेल्या तासाभराच्या लालमध्ये आकाशाच्या उजेडाचा नॉइज भरपूर असतो आणि बेरजेत तो तसाच राहतो. त्यामुळे ताऱ्यांविनाच्या रंगीत चित्राला मिसळण्यापूर्वी जरा सढळ हाताने डीनॉइज द्या. बारकावे एच-अल्फातून येणारच आहेत.

ओ-थ्री जास्त नाजूक आहे; फक्त लाल वाढवला की तो त्यात बुडतो. रोझेटच्या मधल्या पोकळीभोवती तो असतो, कारण ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन काढायला लागणारे ऊर्जावान फोटॉन (३५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे, हायड्रोजनला १३.६ पुरतात) मधल्या एनजीसी २२४४ या तारकागुच्छाच्या तप्त ताऱ्यांच्या जवळच मिळतात. बाहेरच्या कडेला तुमच्या ओ-थ्रीत एच-अल्फासारखीच आकृती दिसत असेल तर ती बहुतेक गळती आहे: रंगीत सेन्सरचे हिरवे आणि निळे पिक्सेल ६५६ नॅनोमीटरला पूर्ण आंधळे नसतात. बाहेरच्या कडेवर पार्श्वभूमीवरचा ओ-थ्री भागिले एच-अल्फा हे प्रमाण काढा, आणि तेवढा एच-अल्फा ओ-थ्रीतून वजा करा. जरा कमीच करा. जास्त झालं की पाकळ्यांच्या आकाराच्या काळ्या सावल्या उमटतात. मग तो हिरव्या आणि निळ्यात जवळजवळ समान मिळवा, निळ्यात किंचित जास्त. ५००.७ नॅनोमीटर या दोन्ही पट्ट्यांच्या सीमेवर पडतं, म्हणून रंग निळा-हिरवा यायला हवा. ओ-थ्रीला चंद्राचा त्रास एच-अल्फापेक्षा बराच जास्त होतो. चांदण्या रात्रीच्या फ्रेम्स त्याच्या स्टॅकमधून गाळल्यात तर पाचाचे साडेतीन तास होऊनही चित्र सुधारतं.

एवढ्यावर तेजोमेघ लालभडक आणि सपाट वाटेल. हायड्रोजन ४८६.१ नॅनोमीटरलाही चमकतो, आणि ३ ते ७ नॅनोमीटरच्या ड्युअल-बँड फिल्टरमधून ती एच-बीटा रेषा येतच नाही. धूळ मध्ये नसेल तर अल्फा बीटाच्या साधारण २.८६ पट असतो. धूळ निळा जास्त गिळते, म्हणून प्रत्यक्षात बीटा त्याहूनही कमी मिळतो. लालमध्ये जेवढा शुद्ध अल्फा घातला त्याच्या १५ ते २० टक्के निळ्यात घाला. लालाला किरमिजी छटा येते आणि उजेड-सावलीचा फरक दिसू लागतो. हा गुलाबीपणा तुमच्या पहिल्या गुलाबीपणासारखा धुतलेला नसतो.

आता तिन्ही चॅनेल एकत्र करून स्ट्रेच करा, सुटे सुटे नको. नाहीतर जुळवलेली प्रमाणं मोडतात. तारे वेगळे, आर्कसिंह (asinh) या स्ट्रेचच्या पद्धतीने हलक्या हाताने स्ट्रेच करा आणि स्क्रीन पद्धतीने परत घाला: १ − (१ − तेजोमेघ) × (१ − तारे). गिम्पमधला स्क्रीन मोड हेच करतो. तारे जळालेले असतील तर रंग कुठूनच येणार नाही. ६० सेकंदांत जळत असतील तर फक्त ताऱ्यांसाठी २०-३० सेकंदांच्या फ्रेम्स अर्धा तास घ्या, शहरातूनही चालतं. पडताळा फ्रेममध्येच आहे: १२ मोनोसेरोटिस हा गुच्छात दिसणारा पण खरं तर आपल्या बाजूला, पुढे असलेला राक्षसी तारा पिवळसर-नारिंगी दिसला पाहिजे, आणि गुच्छाचे तप्त तारे निळसर-पांढरे. दोन्ही एकाच छटेचे दिसले तर कॅलिब्रेशनकडे परत जा, सॅच्युरेशनकडे नाही.

हीच कृती हॉर्सहेड तेजोमेघाला लावणार असाल तर रंगीत डेटा एका तासावर भागवू नका. तिथला एनजीसी २०२३ हा निळा तेजोमेघ ताऱ्याचा परावर्तित प्रकाश आहे. ड्युअल-बँड फिल्टर तो जवळपास पुसून टाकतो, आणि नॅरोबँडचे कितीही तास घेतले तरी परत येत नाही. तिथे मी निम्मा वेळ फिल्टरविना, गावाबाहेरच्या अंधाऱ्या आकाशासाठी राखतो. एम ३३ सारख्या दीर्घिकेत तारे काढून वजाबाकी करण्याची युक्ती पुरत नाही, कारण तिची चकतीच न सुटणाऱ्या ताऱ्यांची असते. तिथे गुणक दोन दशांशांपर्यंत नेमका हवा, आणि तो तपासायची जागा म्हणजे दीर्घिकेचा गाभा: शुद्ध अल्फात गाभा जवळपास नाहीसा होऊन भुजांवरच्या गाठी तेवढ्या उरल्या पाहिजेत.