हीटिंग नोझल फटफटतंय? आधी सिलिंडर बघा

वर्कशॉपचे प्रश्न

या अंकासाठी आलेली बरीच पत्रं गॅसच्या कामाची आहेत. पेरणीआधी खान्देशातली सगळी मोडकी अवजारं एकदम दुकानावर येऊन पडतात, त्यामुळे असेल. धुळ्यात माझं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, रोज जे हाताखालून जातं त्याच्याच आधाराने उत्तरं देतो.

प्रश्न : चोपड्याजवळ माझं ट्रॅक्टरच्या अवजारांचं दुकान आहे. शाफ्टवर जाम झालेल्या पुल्या आणि गिअर काढायला ऑक्सि-ॲसिटिलीनचं मोठं हीटिंग नोझल आणलं. पाच मिनिटं झकास चालतं, मग फटफट वाजून विझतं आणि मूठ तापते. विकणारा म्हणतो, डीएचं (म्हणजे सिलिंडरमधल्या ॲसिटिलीनचं) प्रेशर वाढवा. वाढवू का?

उत्तर : नाही भाऊ, अजिबात नाही. डीएच्या रेग्युलेटरवर एक किलो दाबाच्या पुढे लाल पट्टा असतो, तो शोभेला नाही. ॲसिटिलीनला पेट घ्यायला ऑक्सिजन लागतोच असं नाही. दाब फार वाढला की तो स्वतःच फुटून कार्बन आणि हायड्रोजन होतो, आणि ते होतं ते स्फोटानेच. म्हणून तर सिलिंडरच्या पोटात सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन, आणि त्या ॲसिटोनमध्ये गॅस विरघळवलेला. आत तो सुरक्षित असतो, पण पाइपात आल्यावर एक किलोच्या आतच ठेवायचा.

तुमचा रोग वेगळा आहे. विरघळलेला गॅस ॲसिटोनमधून हळूहळूच सुटतो. घाईने ओढला तर सिलिंडर गार पडतो आणि गॅस आणखी कमी सुटतो. जुने मिस्त्री ताशी सातवा हिस्सा ओढायचे. आता मोजमाप आणखी कडक आहे: थांबून थांबून काम असेल तर ताशी दहावा हिस्सा, सलग असेल तर पंधरावा. सिलिंडर साधारण ६ घनमीटरचा धरला तर ताशी ६०० लिटर, नाहीतर ४००. पत्रा जोडायचं छोटं नोझल शंभर-दीडशे लिटरवर खूश असतं. तोंडाला भोकांची चाळण असलेलं तुमचं मोठं नोझल हजाराच्या पुढे मागतं. विहिरीला झरा बोटाएवढा आणि वर दहाची मोटर, असं झालंय ते.

आता फटफट का होते? भोकातून बाहेर पडणारा गॅस हा ज्योतीच्या मागे सरकण्याच्या वेगापेक्षा जोरात पडला पाहिजे. गॅस उपाशी पडला की ज्योत भोकातून आत शिरते. म्हणूनच मोठं नोझल लावून "थोडी बारीक ज्योत ठेवू, गॅस वाचेल" हा विचार सगळ्यात वाईट. ज्योत लहान हवी असेल तर नोझल लहान लावा. एकदा चाचणी घ्या. टॉर्चचे दोन्ही व्हॉल्व्ह आळीपाळीने उघडून गॅस मोकळा सोडा (बाहेर, आगीपासून लांब) आणि रेग्युलेटरचा काटा बघा. तो घसरत गेला तर पुरवठा कमी. दोन किंवा तीन सिलिंडर मॅनिफोल्डवर (सगळ्यांचा गॅस एकत्र आणणाऱ्या नळीवर) जोडा, नाहीतर नोझल उतरवा. पाइप बारीक आणि लांबलचक असेल, किंवा फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटी आत शिरलेली आग अडवणारा भाग) काजळीने तुंबला असेल, तरी हेच होतं. म्हणून अरेस्टर काढून टाकू नका रे भो! तुंबला असेल तर नवीन बसवा. ज्योतीला जांभळट झाक आली तर ॲसिटोन ओढला जातोय असं समजा आणि बंद करा. सिलिंडर ॲपे रिक्षात आडवा आला असेल तर आल्याआल्या लावू नका, आतला ॲसिटोन खाली बसू द्या. किती वेळ आडवा होता माहीत नसेल तर रात्रभर उभा राहू द्या.

एखादा फटाका वाजला तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून नोझल गार होऊ द्या. पण आत शिट्टी सुरू झाली आणि मूठ चटके देऊ लागली, तर आग हँडलच्या पोटात आहे. आधी टॉर्चचा ऑक्सिजन बंद, लगेच डीए, मग सिलिंडर. त्यानंतर पाइप सोडून आत डोकावा. काजळी दिसली तर तो पाइप फेकून द्या, धुऊन वापरू नका.

आणि मुळात एवढी उष्णता लागते का? १०० मिलिमीटर भोकाची लोखंडी पुली शाफ्टपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली की भोक साधारण ०.१२ मिलिमीटर मोठं होतं. जाम पुली सुटायला एवढं बहुतेक पुरतं. म्हणजे लाल करायची गरजच नसते. पुलर (पुली ओढून काढायचं अवजार) आधी ताणून ठेवा, शाफ्टला ज्योत लागू देऊ नका, पुलीच्या बुडख्याभोवती गोल फिरवत राहा. निळ्या सुळक्यांची टोकं धातूला टेकवू नका, बोटभर वर ठेवा. पाण्याचा थेंब टाकून बघा: चर्रकन उडून गेला तर अजून थोडं, गोळी होऊन नाचत पळाला तर दोनशेच्या आसपास पोचलात, आता पुलर फिरवा. बिडाची पुली असेल तर सावकाश तापवा, एका जागी थांबलात की तडकते. दारातून वारा येत असेल तर पत्रा आडवा लावा. आपल्याकडच्या वाऱ्यात निम्मा गॅस आभाळ तापवण्यात जातो.

प्रश्न : शहाद्याहून विचारतो. वाकलेली ट्रॉलीची चेसिस किती लाल करून सरळ करावी? गिऱ्हाईक म्हणतं, तापवून लगेच पाणी मारा. स्प्रिंगचे पाटेही असेच सरळ होतील का?

उत्तर : चेसिसचं चॅनेल साध्या लोखंडाचं असेल तर जेमतेम दिसेल इतका काळपट लाल, ६५०च्या आत. हे सावलीत बघायचं. उन्हात काळपट लाल दिसतच नाही, मग कारागीर तापवतच जातो आणि धातू भाजून निघतो. बाक ज्या बाजूला फुगलाय तिकडे रुंद तोंड येईल असा पाचरीसारखा पट्टा खडूने आखा, टोकापासून रुंद बाजूकडे तापवत जा आणि सोडून द्या. सरळ करण्याचं काम तापताना कमी, गार होताना जास्त होतं. गार होत आकसतो तो पट्टाच चॅनेलला ओढून आणतो. पाणी मारायची घाई नको. बंद पाइप किंवा डबा असेल तर आधी भोक पाडा, आतली हवा फुगून फुटतो. जस्ताचा मुलामा असेल तर आधी घासून काढा आणि धूर घेऊ नका, रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पाटे, ॲक्सल, चाकांचे बोल्ट यांना ज्योत लावायचीच नाही. त्यांचं पाणी (म्हणजे कडकपणा) कारखान्यात दिलेलं असतं, ते तुमच्या टॉर्चने उतरतं. गिऱ्हाईकाला सांगा, नवा पाटा घ्या. नाराज होऊन शेजारच्या दुकानात गेलं तर जाऊ द्या.

प्रश्न : पारोळ्याहून. चाकाचा नट जाम आहे, टायरमधली हवा सोडून रिम तापवली तर चालेल ना?

उत्तर : नाही. तापलेल्या रबरातून पेट घेणारे वायू निघतात आणि टायरच्या पोटात कोंडतात. हवा सोडली, व्हॉल्व्ह काढला, तरी भरवसा नाही. टायर रिमवरून उतरवल्याशिवाय टॉर्च हातात घ्यायचा नाही. माणसं दूर फेकली गेलेल्या घटना याच्याच आहेत.

प्रश्न : रावेरला आमचं फॅब्रिकेशन आहे. डीए परवडत नाही. एलपीजीवर हीटिंग होईल का?

उत्तर : होईल, आणि नुसतं तापवायचंच असेल तर मी तेच सुचवेन. ज्योतीचं तापमान थोडं कमी, पण मोठा भाग सावकाश तापवायला ते सोयीचंच. एक किलोची ती भानगडही नाही. पण हिशोब पूर्ण करा: डीएला जेवढा गॅस साधारण तेवढाच ऑक्सिजन लागतो, एलपीजीला चौपट. बचत कागदावर दिसते त्यापेक्षा कमी निघते. नोझल आणि पाइप एलपीजीचेच घ्या, डीएचं नोझल लावू नका. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिक, स्वयंपाकघरातला नाही. तो कायद्याने चालत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गाडी खाली घ्यायच्या खड्ड्यात साचतो आणि दिसत नाही. तुमच्याकडे तसा खड्डा असेल तर सिलिंडर आणि काम दोन्ही त्यापासून लांब.

प्रश्न : अमळनेरला आमच्या दुकानाचा हिशोब मी बघते. मे महिन्यात कामावरची पोरं ऑक्सिजनचा पाइप शर्टात सोडून अंग गार करतात, अंगावरची धूळही त्यानेच उडवतात. मला भीती वाटते. उगीच आहे का?

उत्तर : ताई, उगीच नाही, आजच्या आज बंद करा. ऑक्सिजनला वास नाही, रंग नाही, म्हणून पोरांना ती साधी हवा वाटते. कपड्याच्या धाग्याधाग्यात तो भरून राहतो, आणि मग ग्राइंडरची एक ठिणगी पडली की एरवी नुसतं भोक पडलं असतं तिथे अख्खा शर्ट भडकतो. हाताने झटकून विझत नाही. कुणी असं केलंच असेल तर त्याला अर्धा तास मोकळ्या वाऱ्यात उभं करा, टॉर्चजवळ आणि बिडीजवळ जाऊ देऊ नका. तेल-ग्रीसचे हात ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लागू देऊ नका, आटे जाम झाले तरी तेलाचा थेंब नको. सिलिंडर पत्र्याच्या सावलीत, साखळीने बांधून उभे ठेवा. आणि पोरांसाठी एक कूलर घ्या, दुकानाच्या खर्चात टाका.