अँड्रॉइड ॲप वेगवान करायचं तर कोटलिन सोडून सगळं सी++ मध्ये लिहावं का?

सगळं तर मुळीच नको. कोटलिन-जावा हळू, हा समज डाल्विकच्या, म्हणजे ॲप चालवणाऱ्या अँड्रॉइडच्या जुन्या यंत्रणेच्या, काळातला. अँड्रॉइड ५.० पासून (२०१४) त्याच्या जागी एआरटी (अँड्रॉइड रनटाइम) आलं, आणि ७.० पासून ते वारंवार चालणारा कोड हेरून फोनवरच त्याचा मशीन कोड करून ठेवतं. बटणं, याद्या, नेटवर्क यांत सी++ नं फारसं काही हाती लागत नाही.

फोटोचे फिल्टर, ऑडिओ, गेम इंजिन यांसाठी एनडीके (ॲपमध्ये सी++ वापरायची साधनं) जरूर वापरा. पण जेएनआयची (कोटलिन आणि सी++ यांच्यातला पूल) प्रत्येक फेरी महाग पडते. दर पिक्सेलला हाक मारू नका, अख्खा बफर (सगळ्या पिक्सेलचा डेटा) एकदम द्या. शिवाय सी++ मध्ये गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) नाही. मोकळ्या केलेल्या मेमरीला पुन्हा हात लागला की ॲप थेट बंद पडू शकतं, कोटलिनचा ट्राय-कॅच (चूक पकडून सावरणारा कोड) तिथे कामाचा नाही.

आधी प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावा. मला बहुतेकदा घोडं अडलेलं सापडलं ते स्क्रीन सांभाळणाऱ्या मेन थ्रेडवरच्या डेटाबेस क्वेरीत.