बार्टोला ‘झोन’ नाही, मग वादळात काय करायचं?

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न वाचला. नोकरी बार्टोत, मुलगी लहान, सासूबाई पावसाळ्यात काही महिने राहायला येणार, घर आधी भाड्यानेच घेणार. फ्लोरिडाच्या इव्हॅक्युएशन झोनच्या, म्हणजे वादळात घर सोडून जायच्या भागांच्या, नकाशात बार्टो कुठल्याच रंगात दिसत नाही, म्हणजे तिथे धोका नाही असं समजायचं का, असं तुम्ही विचारलंय. तसं मुळीच समजू नका. मी याच भागात संसार केलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

ए, बी, सी अशी अक्षरं असलेले झोन फक्त एका गोष्टीसाठी आखलेले असतात. वादळाचा वारा समुद्राचं पाणी ढकलत किनाऱ्यावर चढवतो, ते पाणी कुठवर येईल याचा तो हिशेब आहे. बार्टो ज्या पोल्क काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) येतं, ती राज्याच्या मध्यात आहे, समुद्र इथवर पोहोचत नाही, म्हणून आपल्याला अक्षर नाही. वारा, पाऊस आणि नदी यांचा त्या नकाशाशी काही संबंध नाही. वादळाची एक ते पाच ही कॅटेगरीसुद्धा केवळ वाऱ्याच्या वेगावर ठरते, पाऊस किती पडेल हे ती सांगत नाही.

२००४ साली चार्ली, फ्रान्सिस आणि जीन या तीन वादळांची केंद्रं सुमारे सहा आठवड्यांत याच पोल्क काउंटीवरून गेली. जुन्या लोकांना त्या वर्षी छपरांवर दिसणाऱ्या निळ्या ताडपत्र्या अजून आठवतात. आणि पाण्याचं म्हणाल तर पीस नदी बार्टोच्या जवळूनच वाहते. तुम्ही सांगलीच्या, २०१९ चा पूर पाहिलेला, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही नदी चढत राहते हे तुम्हाला सांगायला नको. सप्टेंबर २०२२ मध्ये इयान येऊन गेल्यावर याच नदीच्या खालच्या अंगाला आर्केडिया गावात तसंच झालं. वादळ निघून गेलं, ऊन पडलं, आणि त्यानंतर नदीने आधीचे उच्चांक मोडले. हायवे ७० पाण्याखाली गेला.

म्हणून इथे घर सोडायचं की नाही हे अक्षरावरून नाही, घरावरून ठरतं. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरात, राहत असाल तर वादळ छोटं असो वा मोठं, बाहेर पडायचंच. काउंटीचा आदेशही बहुतेक वेळा त्यांच्यासाठीच निघतो. नदीकाठी, तळ्याकाठी किंवा सखल भागात असाल तरी निघायचं. घरात कुणाला ऑक्सिजनसारखं विजेवर चालणारं यंत्र लागत असेल तरीही निघायचं. बाकी पक्क्या, उंचावरच्या घरातल्यांनी घरातच थांबावं. इथे म्हणतात तसं, पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून आडोसा घ्यायचा. टॅम्पा आणि सारासोटाकडची, म्हणजे किनाऱ्यावरची, माणसं त्याच वेळी आतल्या भागात येत असतात, हॉटेलं भरतात, आय-४ महामार्गावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. अशा वेळी जॉर्जियाच्या दिशेने निघून रस्त्यात अडकण्यापेक्षा दहा-वीस मैलांवरच्या ओळखीच्यांच्या पक्क्या घरी किंवा काउंटीच्या शेल्टरमध्ये (निवारा केंद्रात) जाणं जास्त सुरक्षित. शेल्टर बहुधा शाळांमध्ये असतात. अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं, आणि त्या दिवशी नेमकी कुठली शाळा उघडली आहे हे पाहूनच निघायचं. चार्लीच्या वेळी आर्केडियात हजारावर लोक ज्या इमारतीत आसऱ्याला होते, तिचीच भिंत आणि छत काही भागात कोसळलं होतं.

आता घर निवडण्याबद्दल, कारण तुमची खरी तयारी इथेच होणार आहे. पत्ता मिळाला की आधी काउंटीच्या प्रॉपर्टी अप्रेझरच्या (मालमत्तेचं मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर टाका. घर कुठल्या साली बांधलं आणि भिंती कशाच्या आहेत, हे तिथे फुकट दिसतं. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर राज्याने बांधकामाचे नियम कडक केले आणि राज्यभराची एकच संहिता मार्च २००२ पासून लागू झाली. त्यानंतरचं, काँक्रीट ब्लॉकचं घर मिळालं तर उत्तम. जुनं असेल तर छप्पर कधी बदललं ते विचारा. खिडक्यांना शटर आहेत का, असतील तर ते लावायचे कुणी, घरमालकाने की तुम्ही, हे लीजमध्ये (भाडेकरारात) लिहून घ्या. गॅरेजचं मोठं दार वाऱ्यात आधी दबतं, तेही पाहा. बार्टोत ओकची झाडं फार आणि ती सावली मोठी सुखाची, पण वॉटर ओक आणि लॉरेल ओक लाइव्ह ओकच्या मानाने लवकर मोडतात. बेडरूमवर फांदी झुकलेली असेल तर घर घेण्याआधीच तिचं काय करणार ते मालकाला विचारा.

मग फेमाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत यंत्रणेचा, पुराचा नकाशा पाहा. यातही ए आणि एई अशी अक्षरं आहेत, पण त्यांचा इव्हॅक्युएशनच्या ए झोनशी काही संबंध नाही. एई म्हणजे दरवर्षी किमान एक टक्का पुराची शक्यता असलेला भाग. एक्स म्हणजे त्याहून कमी, शून्य नव्हे. ऑक्टोबर २०२५ पासून वर्षभराच्या किंवा त्याहून मोठ्या करारात घरमालकाने पुराची माहिती लेखी द्यायची आहे, ती मागून घ्या. रेंटर्स इन्शुरन्समध्ये, म्हणजे भाडेकरूच्या सामानाच्या विम्यात, पूर धरलेला नसतो. फ्लड इन्शुरन्स वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेचा विमा साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. वादळ मेक्सिकोच्या आखातात दिसायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. अंदाज फक्त नॅशनल हरिकेन सेंटरचा बघा. पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकराला नवा येतो. नकाशातला तो पांढरा कोन म्हणजे केंद्र कुठून जाईल याची शक्यता, वाऱ्याचा पसारा नव्हे. कोनाबाहेर राहूनही घराचं छप्पर उडू शकतं. हरिकेन वॉच (वादळ येण्याची शक्यता आहे असा इशारा) साधारण ४८ तास आधी लागतो, वॉर्निंग (वादळ येणार असा इशारा) ३६ तास आधी. वॉच लागला की पेट्रोल, रोकड आणि औषधं यांची कामं उरकून टाका. मुख्य वादळाआधी चकवा देणारे टॉर्नेडोही येतात, तेव्हा फोनचे अलर्ट रात्रीही चालू ठेवा आणि बिनखिडकीची आतली खोली आधीच ठरवून ठेवा.

गावाबाहेरच्या घरांना विहिरीचं पाणी असतं, म्हणजे वीज गेली की नळही गेला. माणशी रोज चार लिटर धरून आठवडाभराचं पाणी साठवा, शिवाय संडासासाठी टब भरून ठेवा. गॅसची छोटी शेगडी घराबाहेर वापरायची. जनरेटर तर गॅरेजमध्येसुद्धा नको, घरापासून किमान वीस फूट दूर ठेवायचा. कार्बन मोनॉक्साइडने वादळानंतर जाणारे जीव टाळता येण्यासारखे असतात, म्हणून हे आग्रहाने सांगते.

सासूबाईंची औषधं भारतातून येतानाच जास्तीची आणा, इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणार नाहीत. त्यांना विजेवरचं यंत्र किंवा चालायला मदत लागत असेल तर काउंटीच्या स्पेशल नीड्स (खास मदत लागणाऱ्यांच्या) यादीत आधीच नाव नोंदवा, वादळ जवळ आल्यावर तिथे ताण फार असतो.

आणि एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या किंवा व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला फेमाची घरासाठीची रोख मदत मिळत नाही. शेल्टर, अन्न, पाणी, तातडीचे उपचार मात्र सगळ्यांना असतात. घरात अमेरिकन नागरिक असलेलं मूल असेल तर त्याच्या वतीने पालक अर्ज करू शकतात. तुमच्या घरात तसं कुणी नाही, तेव्हा विम्याचे पैसे वाचवायला जाऊ नका, कारण नुकसान भरून देणारं तेवढंच असणार आहे. पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसाच्या अर्जाच्या मंजुरीचा कागद), लीज आणि विम्याची कागदपत्रं एका वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा, फोटो काढून घरच्यांनाही पाठवून ठेवा.

दोन-तीन घरं नक्की झाली की पत्ते मला पाठवा. नदीपासून अंतर आणि रस्त्याचा उतार मी प्रत्यक्ष जाऊन पाहीन, तेवढं फोटोंत कळत नाही.