दहा हजारांत साधी सायकल इलेक्ट्रिक होते का?

तुम्ही विचारलंय की घरात पडून असलेली बिनगिअरची सायकल दहा हजारांत इलेक्ट्रिक करून रोज सात किलोमीटर कामावर जाता येईल का. येईल, पण बॅटरीत हात आखडता घेतला नाही तर. मी आखडला, म्हणून बारा हजारांत होणारं काम मला चौदा हजार चारशेला पडलं.

मी सांगलीत राहतो, कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट. भाच्याची रेंजर टाइप लोखंडी सायकल धूळ खात होती. तिला २४ व्होल्ट, २५० वॅटची ब्रशवाली गिअर मोटर बसवली. ही मागच्या चाकाजवळ ब्रॅकेटवर बसते आणि डाव्या बाजूने वेगळ्या चेनने चाक फिरवते. मोटर, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा), थ्रॉटल (हँडलवरची पिळायची मूठ), ब्रेक लिव्हर, चेन असं अख्खं किट ४,२०० ला आलं. ब्रॅकेट दोनदा सरकून चेन उतरली, तेव्हा वेल्डिंगवाल्याकडून जाड पट्टी मारून घेतली, ३५० रुपये. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, दिसायला देखणी आणि आवाजाला कमी, पण किट महाग आणि बॅटरीही बहुधा ३६ व्होल्टची लागते. या बजेटात मी तिच्या वाटेला गेलो नाही.

आता माझी चूक. यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन बॅटऱ्या १,९०० ला आणि चार्जर ५०० ला घेतला. हिशेब असा केला: २४ गुणिले ७ म्हणजे १६८ वॅट-अवर, किलोमीटरला दहा लागतात असं धरलं तर सोळा किलोमीटर. कागदावर झकास! ग्यानबाची मेख अशी की तो ७ एएचचा आकडा बॅटरी वीस तासांत सावकाश, म्हणजे ०.३५ अँपिअरने रिकामी केली तरचा आहे. मोटर ओढते दहा-बारा अँपिअर. त्या ओढीला नवी कोरी बॅटरीसुद्धा वीस-पंचवीस मिनिटांत मान टाकते. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी घरी येताना रेल्वे पुलाच्या चढावर थ्रॉटल पूर्ण पिळला, मोटर नुसती गुणगुणली आणि हिरवा दिवा जाऊन लाल लागला. तिथून घरापर्यंत पायच. चार महिन्यांत एक बॅटरी फुगली.

मग एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली. ३.२ व्होल्ट ६ एएचचे सोळा सेल, आठ ओळीने (सिरीज) आणि दोन जोडीने (पॅरलल), म्हणजे २५.६ व्होल्ट १२ एएच, साधारण ३०० वॅट-अवर. बीएमएससकट (सेल सांभाळणारं सर्किट) बांधून ६,१०० आणि चार्जर ९००. चार्जर २९.२ व्होल्टचा, एलएफपीचाच हवा. जुना यूपीएसवाला लावू नका. बीएमएस २५ अँपिअरचा घ्या आणि बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज टाका. एका पूर्ण चार्जिंगला अर्धा युनिटही लागत नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल स्वस्तात मिळतात, त्यांचा मोह नको. कुठला सेल किती मेलाय हे बाहेरून कळत नाही, आणि आग लागली तर ती आपल्याच जिन्याखाली लागते.

तुमचं दहा हजारांचं गणित इथे जुळतं. कामावर चार्जिंगची सोय असेल तर आठच सेलची बॅटरी बांधा. मला त्याचे ३,२०० सांगितले होते. थोडे पाय मारत सात किलोमीटर ती आरामात काढते आणि सगळा खर्च नऊ-सव्वानऊ हजारांत बसतो.

त्या खर्चात ब्रेकचे ४५० धरलेत, ते कापू नका. नवे रबर, नव्या केबल, आणि दाबताच मोटर बंद करणारे किटमधले लिव्हर. सायकल जुन्या दांड्याच्या ब्रेकची असेल तर आधी ब्रेकच बदलायला लागेल. पावसात स्टीलच्या ओल्या रिमवर तो ब्रेक नावापुरताच असतो. वेग वीसेकच्या आसपास मिळतो. दुकानदार ३५० वॅटची मोटर गळ्यात मारायला बघेल. मोटरची अर्ध्या तासाची पॉवर २५० वॅटच्या खाली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या खाली असेल, ब्रेक-रिफ्लेक्टर वगैरे अटी पाळल्या असतील आणि हे सगळं अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केलं असेल, तर सायकल कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही. नसती नंबरप्लेटची भानगड कशाला?

चालवताना एक करा: उभ्या सायकलवर थ्रॉटल पिळू नका. आधी दोन-तीन पायडल मारा, मग पिळा. जागेवरून उठतानाच मोटर सगळ्यात जास्त करंट खाते. कंट्रोलर सीटखाली बसवा आणि वायरी खालच्या बाजूने बाहेर काढा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न जाता खाली ठिबकतं. हे मला जुलैत एक कंट्रोलर सुकवत बसल्यावर कळलं.

आणि किट मागवण्याआधी सायकल एकदा दुकानात टाकून छर्रे, ग्रीस करा, चाकांचा आउट (डगमग) काढून घ्या. माझी तशी करून आणली त्या दिवशी इतकी हलकी पळत होती की बायको म्हणाली, ‘आता मोटर कशाला?’ मला पटकन उत्तर सुचलं नव्हतं.