पोरीला पायलट व्हायचंय, घर तारण ठेवू का?

प्रश्न: सर नमस्कार, मी कराडजवळ राहतो, सहकारी बँकेत नोकरीला आहे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, फिजिक्स मॅथ्स चांगलं आहे, आणि सातवीपासून एकच धोशा लावलाय, पायलटच व्हायचं. चौकशी केली तर सगळं धरून ७०-८० लाख सांगतात. बँक एवढ्या कर्जाला तारण मागते म्हणजे राहतं घरच द्यावं लागणार. तिची आई म्हणते पोरगी सणावाराला दिसायची नाही, लग्नाचं काय, आणि एवढं करून नोकरीच नाही लागली तर? खरंच परवडतं का हे सगळं?

उत्तर: दादा, मी बरीच वर्षं कॉकपिटमध्ये काढलीत म्हणून सरळच सांगतो, हे काम एवढा त्याग करण्याच्या लायकीचं नक्की आहे, पण राहत्या घरावर कर्ज काढून ते करू नका.

हिशोब बघा. ६० लाख कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं मुदत, हप्ता बसतो महिना साधारण ८२ हजार. आणि सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात आली की दुसऱ्या दिवशी नोकरी असं नसतं, टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठराविक जातीचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचे, १५-२० लाख बऱ्याचदा वेगळे भरावे लागतात, मग भरती निघायची वाट बघायची, कुणाला चार महिने लागतात कुणाला तीन वर्षं, आणि बँक तेवढं थांबत नाही. नोकरी लागल्यावरही विमान कंपनी टिकेलच असं नाही. किंगफिशर २०१२ ला बंद पडली, जेट २०१९ च्या एप्रिलमध्ये, गो फर्स्ट २०२३ च्या मेमध्ये. जेटमधल्या लोकांचे तर शेवटचे काही महिने पगारच झाले नव्हते. चांगले कॅप्टन, मुलं शाळेत, घराचे हप्ते चालू, आणि सगळे एकाच वेळी नोकरी शोधायला बाहेर.

म्हणून पैसा टप्प्याटप्प्याने घाला. आधी मेडिकल, म्हणजे पायलटची डॉक्टरी तपासणी, प्राथमिक ती क्लास २ आणि लगेच त्याहून कडक ती क्लास १, फ्लाइंग स्कूलला एक रुपयाही द्यायच्या आधी, कारण तिथे काही निघालं तर तेव्हाच कळलेलं बरं. मग लायसन्सचे लेखी पेपर्स, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. फ्लाइंगच्या मानाने याला खर्च किरकोळ. पोरगी सहा-आठ महिने चिकाटीने बसून हे पेपर काढते का बघा, त्यातून तिलाही कळेल आणि तुम्हालाही की ओढ युनिफॉर्मची आहे का कामाची. सोबत रायबरेलीजवळच्या इग्रुआची प्रवेश परीक्षा द्यायला लावा, विमान उडवायला शिकवणारी सरकारी संस्था आहे. आपल्याकडे गोंदिया, बारामती इथेही शिकवतात, तिथे स्वतः जाऊन सध्या शिकणाऱ्या मुलांना विचारा की महिन्याला खरे किती तास उडायला मिळतात, विमानं किती चालू आहेत, इन्स्ट्रक्टर किती आहेत. लायसन्सला २०० तास लागतात, ते रखडले की राहण्या-जेवणाचा खर्च वाढतच जातो. आणि सगळे पैसे एकदम भरा म्हणाले तर भरू नका.

आता वहिनींच्या काळजीचं. ती खोटी नाहीये. पहाटे सव्वातीनला कॅब दारात येते, म्हणजे अडीचला उठायचं, त्यासाठी आदल्या संध्याकाळी सातला पडदे लावून झोपायचं, तेव्हा बाहेर गणपतीची आरती चालू असते. एअरपोर्टला गेल्या गेल्या ब्रेथ अ‍ॅनालायझर, मग वेदर, फ्युएल, आणि दिवसभरात तीन-चार सेक्टर, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी तेवढी उड्डाणं. सुट्टी रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, देईल तेव्हा, दिवाळीची दरवर्षी मिळेलच असं नाही, बेस दिल्ली मिळाला तर दिल्ली. नोटीस पीरियडसुद्धा फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे को-पायलटला, सहा महिने, कॅप्टनला वर्ष. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षा, मेडिकल रिटायर होईपर्यंत, किडनी स्टोन निघाला तरी घरी बसवतात. थकव्याचं तर एवढं होतं की शेवटी डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, नियम बदलावे लागले, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीची लँडिंग कमी केली, आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली त्यामागे या नियमांना पुरेल एवढे पायलट तयार न ठेवणं हे मोठं कारण होतं. प्रवासी चिडले ते बरोबरच, पण ते नियम हवेच होते.

तरी मी हो का म्हणतो? जुलैमध्ये मुंबईला रनवे २७ वर येताय, ढगात काही दिसत नाही, वायपर फुल स्पीडला, बाजूचा वारा विमान ढकलतोय, आणि ठरलेल्या उंचीला लाइट्स दिसले नाहीत तर दुसरा विचार न करता गो-अराउंड, परत वर. मागे बसलेल्या दीडशे-पावणेदोनशे लोकांना फक्त उशीर झाल्याचं कळतं. ते काम हातून नीट झालं की जे समाधान मिळतं ते मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. तुमच्या मुलीला हे वाचून अंगावर काटा आला तर तिला अडवू नका. लग्नाचं म्हणाल तर माझ्या बरोबरीच्या कितीतरी बायका कॅप्टन झाल्या, संसारही केले, फक्त नवऱ्याने आणि सासरच्यांनी रोस्टर समजून घेतलं.

प्रश्न: सीपीएल होऊन दोन वर्षं झाली, वय २६, नोकरी नाही. आता स्वखर्चाने ए३२० चं रेटिंग करू का सोडून देऊ? घरचे थकलेत. (नाशिक)

उत्तर: भरती चालू असेल आणि मागणी त्याच विमानाची असेल तरच रेटिंग कर, नुसत्या एजंटच्या शब्दावर अजिबात नको. तोपर्यंत इन्स्ट्रक्टर रेटिंगचं बघ, तास वाढतात आणि थोडे पैसेही येतात, नाहीतर फ्लाइट डिस्पॅचमध्ये, म्हणजे जमिनीवरून उड्डाणाचं नियोजन करायच्या कामात, शिर, तुझा अभ्यास तिथे कामाला येतो. ग्रॅज्युएशन राहिलं असेल तर मुक्त विद्यापीठातून पूर्ण कर. आणि घरच्यांसोबत बसून एक तारीख ठरवा, की अमुक महिन्यापर्यंत प्रयत्न, त्यानंतर दुसरी नोकरी धरायची. दुसरी नोकरी धरली म्हणून लायसन्स कुठे जात नाही, मेडिकल आणि रेटिंग्ज तेवढी चालू ठेव.